पूल खेळताना ब्रिजच्या हातात स्टिक अडकते? पावडरचा डबा उघडायच्या आधी हे बघा

ब्रिजचा हात म्हणजे टेबलावर टेकवून स्टिकला पुढून आधार देणारा हात. जून लागला की हा प्रश्न हमखास येतो आणि त्याला हमखास एकच उत्तर मिळतं, पावडर लाव. मग पावडर लागते, अर्धा तास मजेत जातो आणि परत तेच, स्टिक मागे घेताना मस्त सरकते पण मारायच्या क्षणाला अंगठा आणि तर्जनीच्या मधे कचकन धरते, टीप म्हणजे स्टिकचं टोक जिथं लागायला पाहिजे तिथं लागत नाही, सरळसोट पॉट पॉकेटच्या तोंडाशी आपटून बाहेर येतो आणि वर टेबलचे पैसे पण आपणच भरायचे. पावडरने हा प्रॉब्लेम जात नाही, थोडा वेळ झाकला जातो, आणि दमट हवेत पावडर अधिक घाम म्हणजे सरळ लगदा, त्यामुळे तासाभराने आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

संशयित तीनच आहेत. तुमचा हात, स्टिकचा पुढचा अर्धा भाग म्हणजे शाफ्ट, आणि ब्रिज धरायची पद्धत. जवळजवळ सगळे जण हाताला दोष देतात, "माझ्या हाताला घामच फार येतो यार", आणि तपासलं की निघतो शाफ्ट. म्हणून आधी तपासा, मग खर्च करा.

कधी अडकते ते आठवा

पहिल्याच फ्रेमला, हात कोरडा, एसी फुल, आणि तरी स्टिक चिकट लागते, तर हाताला सोडून द्या, शाफ्टवर काहीतरी बसलंय. सुरुवातीला छान सरकते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी धरायला लागते, तर मग घाम. आणि तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण गेमभर काही त्रास नाही, पण आठ नंबरचा बॉल तेवढा राहिला किंवा मागे कुणी बघायला उभं राहिलं की लगेच अडकते. याला पण लोक घामच म्हणतात. तो घाम नाही हो, ते तुमचं बोट आहे, टेन्शनमध्ये स्टिकभोवती केलेलं तर्जनीचं कडं आपोआप आवळलं जातं आणि आपल्याला पत्ता पण लागत नाही.

आता खात्री करायची सोपी टेस्ट. एक कोरडा टिश्यू पेपर घ्या, शाफ्टभोवती एकदा दुमडा, अगदी हलक्या चिमटीत धरा आणि टीपपासून मागे जॉइंटपर्यंत, म्हणजे स्टिकचे दोन भाग जोडतात तिथपर्यंत, सावकाश ओढत न्या. इथं त्वचा मधे नाहीच, त्यामुळे जे अडेल ते शाफ्टचं. रोज खेळणाऱ्या पण कधी न पुसणाऱ्या माणसाच्या स्टिकवर काय होतं बघा, टिश्यू टीपजवळ मोकळा सरकतो, सहा-सात इंच मागे आला की जड होतो, बारा-चौदा इंचांपर्यंत जडच राहतो, कधी कधी चुरचुर आवाज पण करतो, आणि त्याच्या मागे परत मोकळा. तो मधला पट्टा म्हणजे नेमकी तुमची ब्रिजची जागा. ट्यूबलाइटखाली स्टिक तिरकी धरून बघितलं तर तेवढ्याच भागात लाकडाची चमक गेलेली आणि राखाडी-निळसर छटा आलेली दिसेल.

टिश्यू टोकापासून टोकापर्यंत एकसारखा गेला तर शाफ्ट सुटला. मग बेसिनवर जा, साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडा करा, आणि व्हाइट बॉल न ठेवता नुसते हवेत आठ-दहा स्ट्रोक मारा. आता सरकली तर हातावर तेल किंवा घाम होता. आताही अडकली तर पकड.

शाफ्टवर बसतं काय

घाम, त्वचेचं तेल आणि चॉक, या तिघांचा मिळून एक पातळ थर बसतो. यात चॉकचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पूलचा चॉक म्हणजे शाळेतला फळ्यावरचा खडू नाही, १८९७ साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी पेटंट घेतलं तेव्हापासून तो सिलिका आणि कोरंडमसारख्या खरखरीत पदार्थाचा बनतो, टीपला बॉलवर घसरू न देणं हेच त्याचं काम. आता जी वस्तू घसरू नये म्हणूनच बनवलीय ती घामात कालवून तुम्ही शाफ्टवर रोज थापताय, मग ती दुसरं काय करणार.

ती शाफ्टवर येते कशी हे एकदा पार्लरमध्ये कोपऱ्यात बसून बघा, करमणूक आहे. माणूस स्टिक उभी धरतो, टीप वर, आणि चॉक टीपवर ड्रिल मशीनसारखा गरागरा फिरवतो, सगळी निळी भुकटी खाली फेरूलवर, म्हणजे टीपखालच्या छोट्या कड्यावर, आणि शाफ्टवर उतरते. मग तोच चॉक टेबलाच्या कडेवर उपडा ठेवतो, म्हणजे निळा भाग खाली. कडेवर निळा चौकोन उमटतो. दोन शॉटनंतर कुणीतरी नेमका तिथं ब्रिजचा हात टेकवतो आणि ती निळाई बोटातून स्टिकवर. यावर उपाय म्हणून स्टिक आडवी किंवा टीप थोडी खाली झुकवून धरा, टेबलपासून बाजूला व्हा, चॉक ब्रशसारखा हलक्या हाताने टीपच्या कडेकडेने फिरवा, आणि चॉक ठेवताना निळी बाजू वर. यात पैसा लागत नाही, फक्त चार मित्रांना पण सांगावं लागतं, कारण कडेवर उपडा चॉक त्यांनी ठेवला तरी हात तुमचाच माखतो.

बाकी मंडळींची पण यादी आहे. वडापाव, भजी, फरसाण हे उघड आहे. केसातून हात फिरवायची सवय असेल आणि डोक्याला तेल असेल तर दर शॉटमागे थोडं खोबरेल स्टिकवर. हँड क्रीम, सनस्क्रीन तसंच. आणि पावसाळ्यात डासांसाठी लावतो ती क्रीम, त्यातल्या काहींमध्ये डीट नावाचं रसायन असतं आणि डीट काही प्रकारचं प्लास्टिक आणि वॉर्निश मऊ करतं, तर ती लावलेल्या हाताने चकचकीत कोटिंगवाली स्टिक धरू नका, कोटिंगच चिकट होऊन बसतं आणि मग कितीही पुसा. सॅनिटायझरचं जेल पण यातच धरा, अल्कोहोल उडून जातं पण त्यातलं ग्लिसरीन आणि घट्ट करणारा पदार्थ हातावर राहतो. पाणी आणि साबण बरा, फक्त साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा.

शाफ्ट साफ कसा करायचा

आधी स्वतःची स्टिक कसली आहे ते बघा. पूलच्या बऱ्यापैकी स्टिकचा शाफ्ट मेपलचा असतो, रंग फिकट, रेषा जेमतेम दिसतात. स्नूकरच्या स्टिक बहुतेक अॅशच्या, त्यावर लांब बाणासारख्या काळपट रेषा असतात आणि बोटाला त्या रेषा जाणवतात सुद्धा. तिसरा कार्बन फायबर, काळा कुळकुळीत. तिघांचं औषध वेगळं.

मेपलसाठी. एक सुती फडकं पाण्यात भिजवून इतकं घट्ट पिळा की थेंब पडता कामा नये, त्याने फेरूलपासून मागे एकाच दिशेने पुसा, फडक्याची घडी बदलत राहा. पहिल्यांदा करत असाल तर फडक्यावर जे काळं-निळं येईल ते बघून किळस वाटेल. लगेच, म्हणजे खरंच लगेच, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. लाकडाला पाणी लागलं की तंतू फुगून वर येतात आणि पाच मिनिटांनी शाफ्ट आधीपेक्षा खरखरीत लागतो, इथंच लोक घाबरतात आणि सँडपेपर काढतात. थांबा. आता साधा कोरा कागद घ्या, झेरॉक्सचा चालेल, किंवा जुन्या चामडी पट्ट्याची गुळगुळीत बाजू, तो शाफ्टभोवती गुंडाळा, मुठीत धरा आणि वरखाली जोरात घासा. हाताला ऊब लागेपर्यंत. त्या उष्णतेने आणि दाबाने उभे राहिलेले तंतू परत बसतात आणि पृष्ठभाग काचेसारखा होतो. फेरूलच्या अगदी जवळ फार वेळ घासू नका, तिथं गोंद आहे, तापला तर सुटतो. आता परत टिश्यू टेस्ट करा, फरक सांगायला लागणार नाही.

मळ जुना असेल आणि पाण्याने निघत नसेल तर मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर थोडंसं. हे पाण्यापेक्षा लवकर उडतं आणि तंतू कमी फुगवतं. पण मागच्या बाजूला, जिथं डिझाइन आणि चकचकीत फिनिश आहे, तिथं लावू नका, फिनिश मऊ पडू शकतं. भांडी घासायचा पांढरा मॅजिक स्पंज मिळतो तो पण मळ काढतो, कारण तो खरं तर अतिशय बारीक सँडपेपरच आहे, म्हणून तो कधीतरीच आणि हलक्या हाताने.

सँडपेपरबद्दल माझं मत कडक आहे. नको. हजार नंबरच्या खालचा, म्हणजे त्याहून खरखरीत, तर हातात पण घेऊ नका. प्रत्येक वेळी लाकूड निघतं, पूलचा शाफ्ट टीपजवळ साधारण साडेबारा-तेरा मिलिमीटर असतो, त्यातून दर महिन्याला थोडं थोडं घासलं की वर्षभरात शाफ्ट फेरूलपेक्षा बारीक होतो, कडा बोटाला लागायला लागते, आणि शॉटची वागणूक बदलते ती वेगळीच. पार्लरमध्ये कुणीतरी "दे इकडे, दोन मिनिटात गुळगुळीत करून देतो" म्हणतो आणि खिशातून लाकडाचा सँडपेपर काढतो, त्याला स्टिक देऊ नका.

साफ झाल्यावर वर मेण लावायचं की नाही यावर भांडणं होतात. कार्नोबा मेणाचा पातळ हात लावून, वाळवून, कागदाने घासून काढला तर घाम लाकडात मुरत नाही, चांगलं आहे. पण पावसाळ्यात जाड हात लावला तर ते मेणच चिकटतं. फर्निचर पॉलिशचा स्प्रे नको, गाडीचं पॉलिश नको, आणि खोबरेल तर देवाच्यान नको.

अॅशवाल्यांचं वेगळं. त्या लाकडाची छिद्रं उघडी असतात म्हणून जुनी पद्धत कच्च्या जवसाच्या तेलाची, अगदी पातळ हात, जादाचं सगळं पुसून काढायचं, आणि पुरेसे दिवस वाळू द्यायचं. आपल्याकडे जुलैत ते वाळता वाळत नाही, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर करा. आणि तेलाचा बोळा चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असे बोळे आपोआप पेट घेतात, फडकं पसरून वाळवा.

कार्बनला फक्त अल्कोहोल वाइप किंवा ओलं फडकं, घासणारं काहीही नको. आणि कार्बन घेतला म्हणजे प्रॉब्लेम मिटला असं समजू नका, तो घाम शोषत नाही त्यामुळे घाम वरच राहतो, ओला हात त्यावर पण अडकतोच, फक्त एका पुसण्यात साफ होतो हा फायदा. निव्वळ चिकटपणासाठी एवढे पैसे घालण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

हातच घामेजतो त्याचं काय

मुंबई-ठाणे-कोकणात जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असणं नेहमीचं, अशा हवेत घाम येतो तितका वाळत नाही. एसी असेल तर एसी हवेतलं पाणी काढतो म्हणून स्टिक पण सुधारते. पण ज्या पार्लरमध्ये कुलर आहेत, नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात असतातच, तिथं मजेशीर प्रकार होतो, बाहेर हवा ठणठणीत कोरडी आणि आत स्टिक चिकट. कुलर हवा गार करतो ती पाणी मिसळूनच. खिडक्या बंद असतील तर तासाभरात आत मुंबई तयार. मालकाला खिडकी उघडायला सांगा आणि कुलरच्या समोरचं टेबल सोडून पलीकडचं घ्या.

दोन नॅपकिन ठेवा. एक जरा ओला, एक कोरडा. समोरचा खेळत असेल तेव्हा ओल्याने बोटं पुसा, मग कोरड्याने बोटं आणि शाफ्ट दोन्ही. एवढी सवय लागली ना तर अर्ध्या लोकांना पुढचं काही वाचायची गरज नाही. क्लबातले जुने मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारी माणसं, बघा, खांद्यावर फडकं असतंच, स्टिक हातात देताना आधी त्यावरून एक हात फिरवून देतात.

काही जणांचे तळवे मात्र एसीत, जानेवारीत, नुसतं बसल्या बसल्या सुद्धा ओले असतात, पेन धरताना कागद भिजतो इतके. ते पूलचं दुखणं नाही, त्यावर त्वचेच्या डॉक्टरकडे औषध आहे. अॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन रात्री कोरड्या हाताला लावायला देतात, त्याने भागलं नाही तर पुढचे उपाय पण असतात. दाखवून या, लाजायचं काय त्यात. बाजारातला साधा डिओ लावून काही होत नाही, तो वासाचा आहे, घामाचा नाही.

उलटा प्रॉब्लेम पण आहे. अमेरिकेत, कॅनडात असलेले आपले लोक, घराच्या बेसमेंटमध्ये टेबल, हिवाळ्यात हीटिंग चालू, त्यांचे हात इतके कोरडे पडतात की बोटाची कातडी फाटून खरखर शाफ्टवर ओढली जाते. त्यांनी क्रीम रात्री झोपताना लावावी, खेळायच्या आधी नाही.

पावडर आणि ग्लव्ह

पावडर लावायचीच असेल तर कुठं लावता ते महत्त्वाचं. आपल्याकडे लोक तळहातावर ढीग ओततात, दोन्ही हात चोळतात आणि टाळी वाजवतात, ढग उडतो. मग टेबलावर पाच बोटं आणि पूर्ण पंजा उमटतो. ते कापडात बसतं, बॉलला लागतं, बॉलवर पांढरे डाग येतात, दोन बॉल एकमेकांना लागताना कधी कधी चिकटल्यासारखे उडतात, आणि मार्कर तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ते रास्तच आहे. शाफ्ट फक्त दोन जागी घासला जातो, अंगठ्याच्या बेचक्यात आणि बंद ब्रिज म्हणजे तर्जनीचं कडं असेल तर तिच्या आतल्या बाजूला. तेवढ्याच जागी बोटाच्या टोकाने चिमूटभर, चोळून, जादाची टेबलापासून लांब झटकून. तळहाताला शून्य. स्पर्धेतही रेफरीला योग्य वाटेल इतपतच पावडर वापरू देतात.

कॅरमची पावडर मात्र बिलकुल नको. कॅरम आपल्याकडे घराघरात म्हणून लोक तोच डबा घेऊन येतात, पण ती बोरिक असेल तर ती हाताला चोळून नंतर त्याच हाताने वडापाव खायची वस्तू नाही.

माझं विचाराल तर ग्लव्ह. तीन बोटांचा, लायक्राचा, काहीशे रुपयांत मिळतो, हवा कशीही असो रोज एकसारखा सरकतो आणि शाफ्ट पण मळत नाही. आपल्याकडे अजून काही लोक ग्लव्ह घातला की "ओहो, प्रो आला" करतात, करू द्या. घेताना बघा, उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या हाताचा लागतो, ऑनलाइन ऑर्डर करताना यात फार लोक फसतात. माप घट्टच घ्या, सैल असला तर तर्जनीच्या बुडाशी सुरकुती पडते आणि स्टिक नेमकी तिच्यावर अडखळते. शिवण बेचक्यात येत नाही ना ते पण बघा. आणि धुवा राव तो. घामाने मळलेला ग्लव्ह हातापेक्षा वाईट अडकतो. गार पाणी, थोडा साबण, सावलीत वाळवा, कपड्यांना लावतो ते सुगंधी कंडिशनर नको, त्याचा थर राहतो. सुती मोजा कापून जुगाड करणारे आहेत, तो सरकत नाही, सुती कापड घाम पिऊन धरून ठेवतं.

सगळं स्वच्छ, तरीही अडकते

मग ब्रिज. बंद ब्रिजमध्ये तर्जनीचं कडं करून स्टिक त्यातून जाते. आता पार्लरची साधी स्टिक घ्या, ती टीपपासून मागे सतत जाड होत जाते. स्टिक मागे घेतली की कड्यात बारीक भाग येतो, मोकळं वाटतं, आपण नकळत कडं त्या मापाला आवळतो. मग पुढे मारताना जाड भाग त्याच कड्यात पाचरीसारखा घुसतो. म्हणूनच मागे सरळ आणि पुढे येताना ब्रेक, हे लक्षण ज्यांना आहे त्यांनी घामाचा विचार सोडून द्या. महागाच्या पूल स्टिकचा शाफ्ट पुढचे दहा-बारा इंच जवळपास एकाच जाडीचा ठेवतात, त्यात हे होत नाही, पण त्यासाठी स्टिक बदलायची गरज नाही. कडं बनवताना स्टिक पूर्ण पुढे, म्हणजे टीप व्हाइट ज्या जागी आहे त्याच्याही दोन-तीन इंच पुढे जाईल अशी, मोकळ्या जागेवर धरा, कडं त्या जाडीला बसवा, आणि मग मागे घ्या. मागे थोडं सैल वाटेल. वाटू दे. सैल कड्याने स्टिक हलते असं वाटत असेल तर स्टिकला बाजूचा आधार मधल्या बोटाने आणि अंगठ्याने द्यायचा, तर्जनी फक्त वरून छत धरते, तिने दाबायचं नाही.

त्याहून सोपं म्हणजे उघडा ब्रिज. हात सपाट, बोटं पसरलेली, अंगठा वर उचलून तर्जनीला टेकवलेला, त्या खाचेत स्टिक. घासणारी जागा अर्ध्याहून कमी, त्यामुळे अडकायला फारसं काही नाहीच. स्नूकर आणि बिलियर्ड्सवाले जवळपास पूर्ण खेळ असाच खेळतात, आणि स्नूकरचा जन्मच मुळी १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीत, बाहेर पाऊस म्हणून मेसमध्ये अडकलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या टेबलावर झाला, तेव्हा दमट हवा ही या खेळाला नवीन नाही. पूलमध्ये बंद ब्रिज ब्रेकला म्हणजे बॉल फोडायच्या पहिल्या शॉटला, व्हाइट मागे खेचणाऱ्या जोरदार ड्रॉला, जिथं स्टिक वर उसळायची भीती असते तिथं कामाचा. बाकी निम्म्याहून जास्त शॉट उघड्यावर होतात, फक्त व्हिडिओत बंद ब्रिज भारी दिसतो म्हणून आपण सगळीकडे तो लावतो.

अजून एक जागा तपासा, मागचा हात. बट म्हणजे स्टिकचा मागचा जाड भाग गच्च धरला किंवा मागून फार उचलला की स्टिक पुढे खाली दाबली जाते आणि बेचक्यावर वजन येतं. कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, स्टिक टेबलाला जितकी समांतर राहील तितकं घर्षण कमी. कडेला चिकटलेल्या व्हाइटला हे जमत नाही, तिथं स्टिक उचलावीच लागते, तर तो एक शॉट अडकला म्हणून हातपाय गाळू नका. अंगठी असेल तर काढून ठेवा, तर्जनीतली तर नक्कीच, कडं करताना ती आतून लागते.

पार्लरची स्टिक वापरत असाल तर निवडतानाच टिश्यू फिरवा. सगळे जण सरळ आहे का बघायला स्टिक टेबलावर लोळवतात, ते बरोबरच आहे, पण पावसाळ्यात किंचित वाकडी पण कोरडी स्टिक, सरळ पण जाड वॉर्निशवाल्या चिकट स्टिकपेक्षा जास्त पॉट देते. रॅकमध्ये चकाकणारी नवीकोरी दिसली की पोरं आधी तीच उचलतात, मी ती शेवटी उचलतो.

एवढं करूनही एकाच ठिकाणी, दर स्ट्रोकला त्याच जागी बारीक टक् लागत असेल तर ते चिकटपण नाही, तो खड्डा आहे. स्टिक कुठेतरी टेबलाच्या धातूच्या कोपऱ्यावर आपटलेली असते. डोळे मिटून शाफ्टवरून नख फिरवा, सापडतो. टिश्यूचा वाटाण्याएवढा तुकडा ओला करून नेमका त्या खड्ड्यावर ठेवा, पाच-दहा मिनिटं, दाबलेलं लाकूड पाणी पिऊन वर येतं, मग पूर्ण वाळू द्या आणि वर सांगितलं तसं कागदाने घासा. एकदा नाही आलं तर दुसऱ्या दिवशी परत. हे फक्त लाकडाला, आणि तेही वर कोटिंग नसेल तरच, नाहीतर पाणी आत जाणारच नाही.